सारवलेल्या घरात धरलेलं शून्य

मी रागीट आहे हे मलकापुरात सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेत पोरं माझ्या चपलांचा आवाज ओळखत, आणि स्टाफरूममध्ये मी बोलायला लागले की हेडमास्तर उठून खिडकी लावून घेत. तरी त्या रविवारी वडनेरला ताईच्या दारात उभी राहून मला जेवढा संताप आला, तेवढा त्याआधी कधी आला नव्हता. दाराच्या चौकटीवर एक हिरवं स्टिकर चिकटवलेलं होतं. वर उगवता सूर्य, मध्ये कापसाचं फुटलेलं बोंड, आणि खाली ठळक अक्षरांत ‘या घरातील हवा सुरक्षित आहे’. आणि आत, त्याच सुरक्षित हवेत, माझी थोरली बहीण डोक्याला फडकं आवळून भिंतीला टेकून बसली होती.

ताईचं डोकं दोन वर्षांपासून दुखत होतं. सकाळी उठली की कपाळ धरलेलं, तोंडाला चव नाही, मळमळ, छातीत दाटल्यासारखं. वावरात गेली, मोकळा वारा लागला, की दुपारपर्यंत जरा उतार पडायचा. दुसऱ्या दिवशी उठल्यावर पुन्हा तेच. नांदुऱ्याच्या डॉक्टरनं रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या होत्या. भाऊजींच्या मते तिला काम नको झालं होतं. ते तसं उघड म्हणत नसत, पण “तुमच्या बहिनीचं डोकं अन् आमचं नशीब, दोन्ही दुखनंच हाय,” असं हसत हसत म्हणायचे. मला ते हसणं सहन होत नसे.

हे सगळं सुरू झालं ते बीटी कापसातसुद्धा गुलाबी बोंडअळी शिरली तेव्हापासून. जे बियाणं अळी लागणारच नाही असं सांगून घरोघर पोचवलं होतं, त्याच्याच बोंडात अळी मजेत बसलेली सापडायला लागली. मग फवारण्या वाढल्या. एका औषधानं भागेना म्हणून दोन एकात कालवायची, तरी भागेना म्हणून दुकानदार सांगेल ते तिसरं. आमच्याकडे या विषाला औषधच म्हणतात. ज्यानं कुणी हे नाव पहिल्यांदा पाडलं असेल त्याला त्यातलं एक झाकणभर पाजायला हवं होतं, असं मी एकदा वर्गात बोलून गेले आणि दोन पालक तक्रार घेऊन आले.

भाऊजी माणूस म्हणून वाईट नव्हते. वाईट असते तर मला भांडायला सोपं गेलं असतं. पण घरची रीत अशी होती. पहिली वेचणी झाली की कापूस घरातच येतो, मधल्या खोलीत छतापर्यंत रचला जातो, आणि भाव बरा येईपर्यंत तिथंच राहतो. त्याच्याजवळ कुणीतरी झोपायचं, कारण चोर, उंदीर आणि चुकून पडलेली ठिणगी या तिघांचं भय. भाऊजींच्या अंगाला कापसाची खाज सुटते म्हणून ते ओसरीत झोपत. कापसाजवळ ताई. आणि फवारणीच्या अर्ध्या वापरलेल्या बाटल्या, चोरीला जाऊ नयेत म्हणून, त्याच खोलीतल्या भिंतीच्या देवळीत, म्हणजे कोनाड्यात, बरोबर ताईच्या उशाच्या वर. काहींची बुचं हरवलेली, तोंडात चिंधीचा बोळा कोंबलेला. मी दर खेपेला म्हणायची, या बाटल्या हलवा. भाऊजी दर खेपेला म्हणायचे, “हाव, हलवू ना.”

स्टिकरची कथा ताईनंच सांगितली. शेजारच्या जिल्ह्यांत फवारणी करताना माणसं दगावल्याच्या बातम्या पेपरात यायला लागल्या होत्या. तेव्हा एका औषध कंपनीनं, जिचं नाव घेऊन मी तिची जाहिरात करणार नाही, गावोगाव हवा तपासायला माणूस पाठवला.

“मशीन घेऊन साहेब येनार म्हनून मी सकाळीच सारं घर सारवलं,” ताई सांगत होती. “दारात रांगोळी काढली. साहेब म्हने, ताई, गल्लीत तुमचंच घर सगळ्यात स्वच्छ दिसते, इथूनच सुरवात करू. मी पाट देल्ला बसाले. त्यानं डब्बा खाली ठुला, बटन दाबलं, म्हने हे शुद्ध हवेचं शून्य झालं. मंग मधल्या घरात नेला, तं हिरवा दिवा लागला अन् वर ‘सुरक्षित’ लिवून आलं. साऱ्या गल्लीत हिरवाच लागला.”

“आणि तू त्याला सांगितलं नाहीस, डोकं दुखतं म्हणून?”

“सांगतलं ना. तो हसला. म्हने, ताई, मशीन खोटं बोलत नाही, तुम्ही टेन्शन घेता.”

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ती कशी जाते, ते मला तेव्हा कळलं. कारण तो डबा मला ठाऊक होता. शाळेला एकदा प्रयोगांच्या सामानाचं खोकं आलं होतं, आणि ते वर्षभर कपाटात तसंच पडून होतं. एका दिवाळीच्या सुटीत मी ते घरी आणलं. त्यात तळहाताएवढा एक मायक्रोकंट्रोलर बोर्ड होता आणि जाळीची टोपी घातलेला वायूचा सेन्सर. कंपनीच्या माणसाच्या हातात यापेक्षा वेगळं काही नव्हतं. ताईनं वर्णन केलेली जाळी, बाजूचा बारीक दिवा, खाली लोंबणाऱ्या तारा, सगळं तेच. फक्त त्यानं वरून प्लास्टिकची पेटी चढवली होती आणि तिच्यावर कंपनीचं चित्र लावलं होतं.

ती सुटी मी त्या सेन्सरच्या नादात घालवली. आतला लेप गरम राहावा म्हणून त्यात सतत तापणारी बारीक तार असते. हवेत वायू आला की त्या लेपातून वीज जास्त सहज वाहते, आणि बोर्ड ते पाहून शून्य ते एक हजार तेवीसमधला एक आकडा दाखवतो. बस, इतकंच. तो आकडा म्हणजे वायूचं वजन नाही, विषाचं माप नाही. तो विजेच्या दाबाचा आकडा आहे. मी मिरचीची फोडणी दिली तेव्हा तो असा काही उसळला की मशीनच्या मते माझं स्वयंपाकघर रसायनांचा कारखाना होता. उदबत्तीला उसळला, इंजेक्शनआधी चोळायच्या स्पिरिटला उसळला, धुतलेल्या ओल्या फरशीवरही थोडा चढला. कोणता वायू आला हे त्याला कळत नाही. आणि थंड सेन्सर चालू केल्याबरोबर जो आकडा येतो तो तर निव्वळ थाप असते. आधी उंच जातो, मग तार तापेल तसा हळूहळू खाली उतरत बसतो. तो स्थिर होईपर्यंत वाट पाहायची, मोकळ्या हवेत काय येतं ते बघायचं, तेच शून्य धरायचं, आणि मग दुसरीकडच्या हवेशी त्याची तुलना करायची. एवढा धीर ज्याच्याकडे नाही त्यानं हे खेळणं हातात घेऊ नये.

त्या साहेबानं काय केलं? थंड डबा चालू केला आणि लगेच बटण दाबलं. तेही कुठं, तर ताज्या शेणानं सारवलेल्या ओल्या जमिनीवर. शेणातून अमोनिया सुटतो, आणि हा सेन्सर अमोनियाला तर सगळ्यात आधी ओळखतो. माझ्या बहिणीनं पाहुण्याचा मान म्हणून घर सारवलं, आणि त्या शहाण्यानं सारवणाच्या वासाला शुद्ध हवा ठरवलं. इतकं वर चढवलेलं शून्य घेऊन तो गल्लीभर फिरला. त्याच्या खालचं सगळं सुरक्षित. त्या शून्यावर कुणाच्याही घरी लाल दिवा लागणं कठीणच होतं. ज्याला सारवण म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्याला आमच्या घरातली हवा तपासायला कुणी पाठवलं?

स्टिकरवर फोन नंबर होता. मी तिथंच ओसरीत बसून लावला. पलीकडून गोड आवाजात एक तरुण म्हणाला, “मॅडम, आमचा सेन्सर फॅक्टरीतूनच कॅलिब्रेट होऊन येतो.”

मी विचारलं, “शून्य कुठल्या हवेत धरलंत?”

“स्वच्छ हवेत.”

“ती हवा शेणाची होती.”

 तो म्हणाला, “मॅडम, तुमच्या गावाचा रिपोर्ट वर गेलेला आहे.”

मी नखांनी ते स्टिकर खरवडायला लागले. भाऊजींनी हात धरला नाही, पण तोंड वाकडं केलं. “राहू द्या ना, मास्तरीणबाई. चांगलं लिवेल हाय, तुमाले काऊन टोचते?” सूर्याचं चित्र निघालं, अक्षरं निघाली नाहीत.

पुढच्या रविवारी मी माझा बोर्ड जेवणाच्या डब्यात घालून वडनेरला गेले. वडनेरला वीज कधी असेल ते सांगता येत नाही म्हणून मोबाइल चार्ज करायची बॅटरी सोबत होती. अंगणात कडुनिंबाखाली डबा उघडून ठेवला आणि बसून राहिले. भाऊजी दोनदा येऊन बघून गेले. “मशीनले बी चहा लागते काय?” मी म्हटलं, “तापू द्या. तुमच्या साहेबानं तापू दिलं असतं तर मला यावं लागलं नसतं.” चहा आला, पिऊन झाला, ताईनं भाकरी थापल्या, तेव्हा कुठं आकडा एका जागी रेंगाळायला लागला.

मग मी भाऊजींनाच डबा हातात दिला. म्हटलं, तुम्हीच फिरवा, माझा हात लागायला नको. ताईनं त्या दिवशीही ओसरी सारवलेली होती. डबा जमिनीशी नेल्याबरोबर आकडा चढला. “पाहा,” मी म्हणाले, “हे तुमच्या साहेबाचं शून्य.” डबा पुन्हा अंगणात आणून आकडा खाली बसू दिला. मग मधली खोली. कापसाच्या गंजीजवळ थोडा वर. ताईच्या उशीपाशी आणखी वर. देवळीपाशी, त्या चिंधीच्या बोळ्यांपाशी, आकडा जो चढत गेला तो सारवणाला मागं टाकून पुढं गेला. भाऊजींनी डबा स्वतःहून मागं घेतला आणि पुन्हा पुढं नेला. पुन्हा तेच. त्यांचं हसणं त्या वेळी गेलं होतं, हे मी पाहिलं.

“मंग आता सांगा,” ते म्हणाले, “कितीवर मानूस मरते?”

“ते हे मशीन सांगत नाही.”

“म्हंजे?”

मी खरं ते सांगितलं. बाटलीत विषाबरोबर रॉकेलसारखा पातळ पदार्थ असतो, बहुतेक त्याच्या वाफेनं हा आकडा चढतो. विष किती, हे यातून कळत नाही. एवढंच कळतं की जे अंगणात नाही ते इथं आहे, आणि ताई रात्रभर त्यात श्वास घेते.

भाऊजींचा चेहरा उजळला. मला तो उजळलेला चेहरा आठवला की आजही दात आवळले जातात. “पाह्य! तुमचं मशीन बी सांगत नाही. त्याच्या मशीनवर तं लिवून येत होतं, सुरक्षित.”

 खोटं बोलणारा डबा शब्दांत बोलत होता म्हणून जिंकला होता. मला एक ओळ लिहायची होती फक्त. आकडा अमक्याच्या वर गेला की लाल दिवा लाव आणि ‘धोका’ लिही. पाच मिनिटांचं काम. भाऊजींनी तो लाल दिवा डोळे मिटून मानला असता. मी ती ओळ लिहिली नाही. त्याचा मला अभिमान वाटला असं कुणी समजू नये, मला फक्त चीड आली. दोन वर्षं एक बाई रोज सकाळी डोकं धरून सांगते, तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि एका दिव्यावर ठेवतात. त्या दिव्याचा रंग ठरवणाऱ्यांच्या रांगेत मला उभं राहायचं नव्हतं.

“आकडा गेला चुलीत,” मी ओरडले. “बाटल्या खोलीतून काढा. गोठ्यात ठेवा.”

“गोठ्यात?” भाऊजी दचकलेच. “गोठ्यात कशा ठुता? बैल हुंगते ना. जीभ लावते. त्याले बाधलं तं?”

ते हे अगदी मनापासून म्हणाले. त्यात काही चुकीचं बोललो असं त्यांना वाटलंच नाही. बैलाची काळजी होती, आणि ती खरी होती. मी ताईकडे पाहिलं. ती चुलीपुढून उठली. हात पदराला पुसले. मधल्या खोलीत गेली आणि आपली गोधडी आणि उशी काखेत घेऊन बाहेर आली. दिवेलागणीची वेळ झाली होती, गल्लीतली माणसं वावरातून परत येत होती. त्यांच्या समोरून ती अंगण ओलांडून सरळ गोठ्यात गेली. बैलाच्या गव्हाणीपाशी तिनं कडबा सारखा केला आणि त्यावर गोधडी अंथरली.

“हे काय करून राह्यली?” भाऊजी म्हणाले.

“जिथं बैलाले बाधत नाही, तिथं मी निजतो,” ताई म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता.

आमच्या वऱ्हाडातल्या बायका कित्येकदा पुरुषांसारखं ‘निजतो’, ‘करतो’ म्हणतात, आणि पुण्याकडची माणसं त्याला हसतात. त्या संध्याकाळी तिथं कुणी हसलं नाही. शेवटची एसटी गाठायची म्हणून मी निघाले, तर ताई म्हणाली, “जाय तू. मले इथं बरं हाय.”

तो सगळा आठवडा ती गोठ्यातच झोपली. भाऊजींनी आधी समजूत घातली, मग आवाज चढवला, मग एक दिवस जेवले नाहीत. ताईनं स्वयंपाक केला, वाढला, वावरात गेली, कापूस वेचला, आणि संध्याकाळी गोठ्यात गेली. गल्लीत पत्र्याच्या पेट्या आणि डबे बनवणारे एक चाचा राहत. भाऊजींचे जुने मित्र. ते येता-जाता बघत होते. शेवटी त्यांनी भाऊजींना हाक मारून सगळ्यांदेखत विचारलं, “भाऊ, बाटल्या घरात अन् बाई गोठ्यात, ये कैसा हिसाब हाय?” भाऊजींनी त्यांच्याकडूनच कुलपाची पेटी बनवून घेतली. ती वावरातल्या विहिरीजवळ सिमेंटच्या ओट्यावर पक्की बसवली, आणि सगळ्या बाटल्या तिच्यात गेल्या. मी पुढच्या रविवारी पुन्हा डबा घेऊन गेले तेव्हा मधल्या खोलीची दारं-खिडक्या सताड उघड्या होत्या आणि देवळी ओल्या फडक्यानं पुसलेली होती. ताई अजून गोठ्यातच होती. खोलीतला वास जाऊ दे, मग पाहू, असं तिनं सांगून ठेवलं होतं.

मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण चहाच्या वेळी गल्लीतले दोघं-तिघं ओसरीत आले, चाचाही आले, आणि भाऊजी त्यांना सांगायला लागले, “आमच्या मास्तरीणबाईचं मशीन लय भारी हाय. त्यानं सांगतलं म्हनून मी लगेच शिशा काढल्या. मशीनपुढं कोनाचं चालत नाही.” तुमी बी आपल्या घरी तपासून घ्या, असा सल्लाही वर दिला. माझ्या हातातला कप बशीवर आपटला.

ताई दारात चहाची किटली घेऊन उभी होती. तिनं मला डोळ्यांनी दटावलं. “राहू दे,” ती हळूच म्हणाली. “मशीनचं नाव घेऊन का होईना, काढलं ना.”

मी राहू देणारी नाही. ओसरीत तापत ठेवलेला डबा मी उचलला, बॅटरीची वायर उपटली आणि तो मुका डबा भाऊजींच्या पुढ्यात ठेवला. “मशीन बंद आहे, भाऊजी. त्यानं काही सांगितलं नव्हतं, आणि आताही सांगणार नाही. ज्यांनी सांगितलं त्या तुमच्या समोर उभ्या आहेत. त्यांना विचारा, डोकं कसं आहे.”

ओसरीतली माणसं आपापल्या कपात बघायला लागली. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, मग मान खाली घातली. मला वाटलं, आता उठून जातात. पण ते उठले नाहीत. त्यांनी मान वर केली आणि ताईकडे पाहून, माझ्या कानांनी ऐकलेलं पहिल्यांदाच, विचारलं, “कसं हाय डोकं?”

ताईनं किटली खाली ठेवली.

“आज नाही दुखत,” ती म्हणाली. “दोन वर्सं दुखलं.”